जिल्ह्याच्या क्षयरोग धोरणासाठी सिस्टिम डायनॅमिक्स मॉडेल : कोऱ्या कागदापासून बैठकीपर्यंत

सॉफ्टवेअर उघडायचं, चार चौकोन काढायचे, बाण जोडायचे, 'रन' दाबायचं आणि आलेला आलेख थेट बैठकीत नेऊन दाखवायचा. सार्वजनिक आरोग्यासाठी मॉडेल करणारे बहुतेक नवखे याच क्रमाने जातात आणि पहिल्याच प्रश्नाला अडकतात : "मागच्या वर्षी आम्ही मोहीम घेतली तर रुग्ण वाढले. तुमचं मॉडेल म्हणतंय कमी होतील. मग खोटं कोण बोलतंय?"

कोणीच खोटं बोलत नसतं. पण हे तिथल्या तिथे समजावून सांगता येत नसेल, तर मॉडेल करताना क्रम चुकलेला असतो. खाली तो क्रम दिला आहे. उदाहरण क्षयरोगाचं घेतलंय, कारण सिस्टिम डायनॅमिक्सला, म्हणजे माणसं कुठे साठतात, कुठून कुठे जातात आणि त्याचा परिणाम फिरून कसा येतो हे संगणकावर चालवून पाहायच्या पद्धतीला, लागणारं सगळं त्यात सापडतं : वर्षानुवर्षं दबून राहणारी लागण, निदानाला लागणारा उशीर, सरकारी आणि खासगी अशा दोन वाटा. जिल्हा काल्पनिक आहे, लोकसंख्या ३० लाख. जिथे आकडा गृहीत धरलाय तिथे 'समजा' लिहिलंय. तुमच्या जिल्ह्याचे आकडे तुम्हालाच गोळा करावे लागतील.

## टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

'जिल्ह्यातला क्षयरोग समजून घेणे' हा प्रश्न नव्हे. अशा प्रश्नावर केलेलं मॉडेल कधी पुरं होत नाही, कारण कुठे थांबायचं हेच ठरलेलं नसतं.

चालेल असा प्रश्न : 'पुढच्या पाच वर्षांत मिळणारा जादा निधी घरोघर तपासणीवर घालावा, खासगी डॉक्टरांना सरकारी कार्यक्रमाशी जोडण्यावर घालावा, की रुग्णांच्या घरातल्यांच्या प्रतिबंधक उपचारावर, म्हणजे नवे रुग्ण सर्वांत कमी होतील?' यात निर्णय आहे, मुदत आहे आणि यश कशाने मोजायचं तेही आहे.

आता कोऱ्या कागदावर आडवा अक्ष काळाचा घ्या. मागची दहा वर्षं आणि पुढची पंधरा-वीस. ज्या गोष्टीची काळजी वाटते तिची रेघ हाताने काढा, आधी घडलं ते आणि मग काहीच केलं नाही तर काय होईल ते. आकडे अंदाजाने चालतील, आकार महत्त्वाचा. देशाच्या पातळीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ साली लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ नवे रुग्ण होते, ते २०२४ साली १८७ वर आले. म्हणजे नऊ वर्षांत सुमारे २१ टक्के घट. ही मंद उतरती रेघ का आहे आणि ती कशाने वळेल, एवढंच तुमच्या मॉडेलला सांगायचं आहे.

सावधान : मुदत पाच वर्षांची आहे म्हणून मॉडेलही पाच वर्षांचं करू नका. प्रतिबंधक उपचाराचा फायदा उशिरा दिसतो, घरोघर तपासणीचा लवकर. पाच वर्षांवर कात्री चालवलीत तर निकाल तुम्ही आधीच लावून टाकलेला असतो.

आणखी एक. पुढच्या तिमाहीत औषधांचे किती डबे लागतील, हा तुमचा प्रश्न असेल तर हे सगळं सोडा आणि साधी एक्सेल शीट करा. तसंच चार रुग्णांच्या गावासाठीही हे मॉडेल कामाचं नाही. ते गर्दीच्या सरासरीवर चालतं, एकेका माणसावर नव्हे.

## टप्पा २ : रुग्ण कुठे थांबतो ते माणसांना विचारा

हा टप्पा सर्रास गाळला जातो. संशोधन निबंधातून आकृती उचलली की काम झालं असं वाटतं. त्या आकृतीत तुमच्या जिल्ह्यातला औषधविक्रेता नसतो, जो खोकल्याला तीन आठवडे सिरप देत राहतो.

एका खोलीत आठ-दहा जण बसवा. जिल्हा क्षयरोग अधिकारी, वरिष्ठ उपचार पर्यवेक्षक, प्रयोगशाळा पर्यवेक्षक, दोन आशाताई, एखादे खासगी छातीरोगतज्ज्ञ, एक औषधविक्रेता आणि शक्य असेल तर उपचार पूर्ण केलेला एखादा रुग्ण. भिंतीवर मोठा कागद लावा आणि एकच प्रश्न फिरवत राहा : "खोकला सुरू झाल्यापासून गोळ्या सुरू होईपर्यंत माणूस कुठे कुठे थांबतो, आणि किती दिवस?"

उत्तरं ऐकून पहिली आकृती मोडावीच लागते. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेही गेले नव्हते. म्हणजे रुग्ण सर्वांत आधी थांबतो तो घरीच. त्याच सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के फक्त छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. नुसती लक्षणं विचारली असती तर ते निसटले असते. 'लक्षणं आहेत का?' विचारत फिरणारी मोहीम आणि एक्स-रेची गाडी सोबत नेणारी मोहीम मॉडेलमध्ये एकाच बाणाने दाखवायची नाही, हे इथेच ठरतं.

मग 'कशामुळे काय वाढतं' याचे फेरे काढा. एक फेरा वाढवणारा : न ओळखलेले रुग्ण जास्त, म्हणून लागण जास्त, म्हणून आणखी रुग्ण. एक सावरणारा : रुग्ण सापडले की उपचाराखाली जातात आणि लागण घटते. तिसरा फेरा निबंधांत सहसा नसतो, पण प्रयोगशाळा पर्यवेक्षक तो हमखास सांगतात. मोहीम जोरात झाली की नमुने तुंबतात, निकालाला उशीर होतो आणि निकाल येईपर्यंत माणूस कामावर परत गेलेला असतो. क्षयरोगाचा नमुना तपासणारं, गोव्यात तयार होणारं ट्रूनॅट यंत्र तासाभरात निकाल देतं हे खरं. पण नमुना तालुक्याच्या गावी पोचवणारं वाहन आठवड्यातून दोनदाच येत असेल, तर मॉडेलमध्ये घालायचा विलंब तासाचा नाही, वाहनाचा आहे.

तपासा : आकृतीतल्या प्रत्येक बाणापुढे तो कोणी सांगितला ते लिहा. ज्या बाणापुढे कोणाचंच नाव येत नाही, तो तुमच्या मनातला आहे. तो खोडा, नाहीतर त्याला पुरावा शोधा.

## टप्पा ३ : साठा कोणता, प्रवाह कोणता

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडं थांबतो.

परीक्षा सोपी आहे. घड्याळ या क्षणी थांबवलं तरी जे मोजता येतं तो साठा. 'आज उपचाराखाली असलेले रुग्ण' हा साठा. जे सांगताना 'दर महिन्याला' किंवा 'वर्षाला' म्हणावंच लागतं तो प्रवाह. 'या वर्षी निक्षयवर (क्षयरोग्यांची नोंद ठेवणारं सरकारी पोर्टल) नोंदलेले रुग्ण' हा प्रवाह. टाकीतलं पाणी आणि नळाची धार यांत जेवढा फरक, तेवढाच. पण आरोग्य खात्याच्या तक्त्यांत दोन्ही शेजारशेजारच्या रकान्यांत बसतात, आणि मग टाकीचा आकडा नळाला लावला जातो.

आपल्या जिल्ह्यासाठी किमान साठे असे :

१. लागण न झालेले
२. नुकती लागण झालेले (पहिली दोन वर्षं)
३. जुनी लागण असलेले
४. आजारी, पण निदान न झालेले
५. सरकारी उपचाराखालचे
६. खासगी उपचाराखालचे
७. उपचार अर्ध्यावर सोडलेले
८. बरे झालेले

नुकती आणि जुनी लागण वेगळी का? लागण झालेल्या माणसाला आयुष्यभरात आजार होण्याची शक्यता साधारण ५ ते १० टक्के असते, आणि तिचा मोठा वाटा पहिल्या दोन वर्षांतला असतो. दोन्ही एकाच चौकोनात कोंबलेत तर प्रतिबंधक उपचार कोणाला द्यायचा, या प्रश्नाला मॉडेल कधीच उत्तर देणार नाही.

जुन्या लागणीचा साठा केवढा, तेही पाहा. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार १५ वर्षांवरच्या ३१.४ टक्के लोकांमध्ये लागण आढळली. समजा जिल्ह्यात त्या वयाचे २२ लाख आहेत, तर लागण असलेले झाले सुमारे ६ लाख ९० हजार. लाखामागे १८७ हा देशाचा दर आपल्या जिल्ह्याला लावला तर वर्षाचे नवे रुग्ण ५,६१०. केवढी मोठी टाकी आणि केवढी बारीक धार! रेघ इतक्या हळू का उतरते, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता बैठकीतल्या त्या प्रश्नाकडे. फक्त चौथा साठा घ्या, निदान न झालेल्यांचा. समजा त्यात वर्षाला ५,६१० जण येतात आणि आजार सुरू झाल्यापासून निदान व्हायला सरासरी एक वर्ष लागतं. स्थिर अवस्थेत साठा म्हणजे येणारा प्रवाह गुणिले थांबण्याचा सरासरी काळ : ५,६१० × १ = ५,६१०. बाहेर पडणारे, म्हणजे नोंदले जाणारेही तेवढेच. मृत्यू आणि आपोआप बरे होणारे इथे मुद्दाम बाजूला ठेवलेत, हिशेब हाताने करता यावा म्हणून.

समजा उत्तम मोहीम झाली आणि सरासरी काळ सहा महिन्यांवर आला. नोंदी अशा होतील :

- मोहिमेआधी, दर वर्षी : ५,६१०
- पहिलं वर्ष : सुमारे ८,०३५
- दुसरं वर्ष : सुमारे ५,९४०
- तिसरं वर्ष : सुमारे ५,६५०

साठा मात्र ५,६१० वरून २,८०५ कडे घसरतो. म्हणजे समाजात हिंडणारे न ओळखलेले रुग्ण निम्मे झाले, आणि त्याच काळात नोंदी आधी ४३ टक्क्यांनी वाढून पुन्हा जवळपास होत्या तिथे आल्या. पहिल्या वर्षी वर्तमानपत्रात 'जिल्ह्यात क्षयरोग वाढला' अशी बातमी येणार आणि तिसऱ्या वर्षी 'मोहीम थंडावली' असा शेरा. दोन्ही चूक. लागण कमी झाल्याचा फायदा मी यात धरलेलाच नाही, तो पुढे वेगळा येईल.

हा हिशेब एक्सेलमध्ये स्वतः करून पाहा. अर्ध्या तासाचं काम आहे. तो हाताखालून गेल्याशिवाय टप्पा ४ कडे जाऊ नका.

## टप्पा ४ : आकडे गोळा करा, पण प्रत्येकाची कुंडली लिहा

एक तक्ता करा. रकाने पाच : आकडा, एकक, कुठून आला, कोणत्या वर्षाचा, किती कमी-जास्त होऊ शकतो. पाचवा रकाना रिकामा सोडायची सवय असते. टप्पा ७ मध्ये सगळ्यात जास्त तोच लागतो.

नोंदींचे आकडे घेताना व्याख्या कधी बदलली ते मांडून ठेवा. क्षयरोगाची नोंद सरकारकडे करणं खासगी डॉक्टरांना २०१२ साली बंधनकारक झालं आणि निक्षयही त्याच वर्षी सुरू झालं. उपचाराखालच्या रुग्णांना मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये एप्रिल २०१८ पासून सुरू झाले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे मिळण्यासाठी नोंद लागते, त्यामुळे नोंदीचा कलच बदलू शकतो. आणि २०२० तर वेगळंच प्रकरण. देशातल्या नोंदी २०१९ मधल्या सुमारे २४ लाखांवरून सुमारे १८ लाखांवर आल्या. त्या वर्षी क्षयरोग कमी झाला असं कोणीही म्हणणार नाही. ओपीडी बंद, प्रयोगशाळा कोविडला जुंपलेल्या आणि माणसं घरात. नळ बंद होता, टाकी भरत होती. मी पाहिलेल्या दोन मॉडेलांत २०२० हे वर्ष गुपचूप इतर वर्षांसारखंच घातलं होतं आणि त्यावरून 'कल उतरता आहे' असा निष्कर्ष काढला होता.

दुसरी ठरलेली चूक : टक्केवारी आणि दर एकच समजणं. 'वर्षभरात ६० टक्के रुग्णांचं निदान होतं' असं कळलं की लोक ६० ला १२ ने भागून महिन्याला ५ टक्के घालतात. तसं केलंत तर मॉडेलमध्ये वर्षाअखेर जेमतेम ४५ टक्केच बाहेर पडतात, कारण दर महिन्याला उरलेल्यांतले ५ टक्के जातात. बरोबर दर काढायचा तर उरलेल्या ०.४ चा नैसर्गिक लॉगॅरिदम घ्या, चिन्ह उलटा, १२ ने भागा. येतो ०.०७६.

स्थलांतराचाही रकाना हवा. बीडसारख्या जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेली टोळी दिवाळीच्या आसपास निघते आणि हंगाम संपला की परतते. सहा महिन्यांचा उपचार त्या हंगामात अडकला तर रुग्ण 'उपचार सोडला' या चौकोनात जातो, प्रत्यक्षात तो साखर कारखान्याच्या तळावर गोळ्या घेत असू शकतो. त्याला बदली झालेल्यांचा वेगळा प्रवाह द्या.

## टप्पा ५ : आता सॉफ्टवेअर उघडा

कोणतं, याची फार चर्चा होते. तिची गरज नाही. ब्राउझरमध्ये चालणारं इनसाइट मेकर मोफत आहे. व्हेन्सिम पीएलई शिक्षणासाठी आणि वैयक्तिक वापरासाठी मोफत मिळतं, पण सरकारी किंवा सल्लागाराचं काम असेल तर परवान्याच्या अटी वाचा. स्टेला विकत घ्यावं लागतं. कोड लिहिता येत असेल तर आर मधलं डीसॉल्व्ह किंवा पायथॉनमधलं पायएसडी. तुमच्यानंतर जिल्ह्यात जो बसणार आहे त्याला जे उघडता येईल, ते घ्या.

बांधताना क्रम पाळा :

५.१ आधी फक्त साठे ४ आणि ५, मधला एक प्रवाह. चालवा. टप्पा ३ मधले आकडे येतात का पाहा.

५.२ मग लागणीचा फेरा जोडा. नव्या लागणीचा दर न ओळखलेल्या रुग्णांच्या साठ्यावर अवलंबून हवा. इथे बरेच जण स्थिर आकडा घालतात. तसं केलंत की फेरा तुटला. मॉडेल दिसायला गोल, वागायला सरळ रेघ.

५.३ मग खासगी वाट, उपचार सोडणारे, पुन्हा आजारी पडणारे. एका वेळी एक. प्रत्येक जोडणीनंतर चालवा आणि फाइल नव्या क्रमांकाने साठवा.

५.४ शेवटी मर्यादा घाला. प्रयोगशाळा महिन्याला जेवढे नमुने तपासू शकते, त्याहून जास्त निदान होता कामा नये. 'आलेले नमुने' आणि 'तपासण्याची ताकद' यांत जे कमी ते. ही एक ओळ राहिली तर मोहीम कितीही मोठी केली तरी मॉडेल खूशच असतं.

विलंबाची गोष्ट जरा सविस्तर. उपचार सहा महिन्यांचा, म्हणून दर महिन्याला बाहेर पडणारे म्हणजे 'साठा भागिले ६' असं लिहून मोकळं व्हायचा मोह होतो. त्याचा अर्थ काय होतो पाहा : आज गोळ्या सुरू केलेल्या १०० जणांपैकी १५ जण पहिल्याच महिन्यात 'उपचार पूर्ण' करून बाहेर पडतात आणि १३-१४ जण वर्षानंतरही गोळ्या घेत असतात. असा उपचार कुठे असतो? साधा उपाय म्हणजे साठा फोडणं. नेहमीच्या, औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात पहिले दोन महिने आणि पुढचे चार महिने असे टप्पे असतातच. त्यांचे दोन साठे करा, आणि पुढच्या चार महिन्यांचे आणखी दोन भाग केलेत तर उत्तम. उपचार सोडण्याचा दरही प्रत्येक भागाला वेगळा देता येतो. बरं वाटायला लागलं की गोळ्या सुटतात, हे आशाताईंनी टप्पा २ मध्ये सांगितलेलं असतंच.

गणनेची पायरी, म्हणजे मॉडेल किती काळाच्या उडीने पुढे सरकतं ते, सर्वांत लहान विलंबाच्या चौथ्या भागाहून मोठी नको, दहावा भाग असेल तर निश्चिंत. एकक महिना असेल तर ०.१२५ घ्या. ०.१ घेऊ नका. संगणक अपूर्णांक दोनच्या भाषेत साठवतो, ०.१ त्याला नेमका लिहिता येत नाही आणि लांबच्या गणनेत वेळ घसरते.

## टप्पा ६ : मॉडेल मोडून पाहा

खऱ्या आकड्यांशी जुळवण्याआधी हे करायचं. उलटा क्रम धरणारे आधी आलेख जुळवतात, मग तो इतका सुंदर दिसतो की मोडायची हिंमत होत नाही.

- एककं : समीकरणाच्या दोन्ही बाजूंना 'माणसं प्रति महिना' येतं का? सॉफ्टवेअरची एकक-तपासणी चालवा. इशारे बंद करून पुढे जाऊ नका.
- माणसांचा हिशेब : सगळे साठे अधिक मृत्यू, वजा जन्म, मिळवा-वजा स्थलांतर, हा आकडा शेवटपर्यंत तोच राहायला हवा. एक माणूसही हवेतून आला तर कुठेतरी बाण सुटला आहे.
- टोकाच्या अवस्था : लागण शून्य करा. जुन्या लागणीतून रुग्ण येत राहिले पाहिजेत आणि हळूहळू कमी झाले पाहिजेत. एका रात्रीत संपले तर तिसरा साठा नीट जोडलेला नाही. आता निदान पूर्ण बंद करा. रुग्ण वाढायला हवेत, पण लोकसंख्येपेक्षा जास्त नाहीत.
- पायरी निम्मी करा : ०.१२५ ऐवजी ०.०६२५. निकाल हलला तर पायरी मोठी होती.
- शांत सुरुवात : काहीच बदल न करता वीस वर्षं चालवा. पहिल्या सहा महिन्यांतच रेघ उडी मारत असेल तर सुरुवातीचे साठे एकमेकांशी जुळत नाहीत. ही उडी पुढे हमखास 'धोरणाचा परिणाम' म्हणून खपवली जाते.

शेवटची तपासणी एकदा माझ्याकडूनच राहिली होती. तीन आठवडे आम्ही एका सुरेख घसरणीचं कारण शोधत होतो, आणि ती सुरुवातीच्या चुकीच्या आकड्याची निघाली.

## टप्पा ७ : जुळवणी, आणि कशावर विश्वास ठेवायचा

मागच्या दहा वर्षांच्या नोंदींशी मॉडेल जुळवताना मॉडेलमधला *नोंदींचा प्रवाह* आकडेवारीतल्या नोंदींशी लावा, नव्या रुग्णांचा प्रवाह नव्हे. वाचताना हे उघड वाटतं, तरी दर वेळी कोणीतरी चुकतं.

फक्त नोंदींवर जुळवणी पुरत नाही. 'रुग्ण जास्त, निदान हळू' आणि 'रुग्ण कमी, निदान वेगाने' या दोन्ही जगांत नोंदी सारख्याच येऊ शकतात. दुसरा आधार लागतो, आणि तो साठ्याचा हवा : सर्वेक्षणातून आलेला. राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरच्या लोकांत फुप्फुसाच्या क्षयरोगाचं प्रमाण लाखामागे ३१६ आढळलं. राज्यवार फरक मोठा आहे, म्हणून तो देशाचा आकडा जसाच्या तसा जिल्ह्यावर चिकटवू नका, कमी-जास्तचा पट्टा धरा.

शेवटची दोन वर्षं जुळवणीत घेऊ नका. ती झाकून ठेवा आणि मॉडेल तिथपर्यंत आपलं आपण पोचतं का पाहा.

मग टप्पा ४ च्या तक्त्यातला पाचवा रकाना उघडा. प्रत्येक आकडा त्याच्या पट्ट्यात खालीवर करून पाहा की *धोरणांचा क्रम* बदलतो का. वीस वर्षांनंतरचे रुग्ण ३,१०० की ३,४०० हे महत्त्वाचं नाही. 'खासगी डॉक्टरांना जोडणं घरोघर तपासणीपेक्षा सरस' हा निष्कर्ष कोणत्या आकड्याने उलटतो, ते महत्त्वाचं. तसे दोन-तीनच आकडे निघतात. ते गोळा करण्यावर पुढच्या सहा महिन्यांचे पैसे घाला.

## टप्पा ८ : धोरणं चालवून पाहा

प्रत्येक धोरण आधी एकटं, मग जोडीने. परिणामांची बेरीज करायची नाही. रुग्ण लवकर सापडू लागले की नवी लागणच घटते, मग प्रतिबंधक उपचार द्यायला संपर्कातले कमी उरतात. उलट, रुग्ण सापडल्याशिवाय त्यांच्या घरी पोचताच येत नाही. जोडीचा परिणाम बेरजेपेक्षा कमी येतो की जास्त, हे मॉडेललाच सांगू द्या. तेवढ्यासाठी तर ते केलंय.

संशोधन चाचणीतला, म्हणजे ठरावीक लोकांवर केलेल्या प्रयोगातला, आकडा जिल्ह्यावर लादणं ही इथली मोठी चूक. झारखंडमधल्या रेशन्स चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या घरातल्यांना पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यातल्या नव्या क्षयरोगात ३९ टक्के घट दिसली. फार मोलाचा निष्कर्ष. पण ते ३९ टक्के *घरातल्या संपर्कांचे* आहेत. समजा तुमच्या ५,६१० नव्या रुग्णांपैकी १० टक्के, म्हणजे ५६१, ओळखलेल्या रुग्णांच्या घरातले असतात. त्यांतले ३९ टक्के टळले तर २१९ जण वाचले. जिल्ह्याच्या आकड्यात ही घट सुमारे ४ टक्क्यांची. ती कमी नाही. शिवाय त्या २१९ जणांकडून पुढे होणारी लागणही टळते, ती मॉडेलचा फेरा आपोआप मोजेल. मात्र बैठकीत ३९ टक्के सांगून आलात, तर दोन वर्षांनी योजना 'फसली' म्हणून बंद होईल.

धोरण एका दिवसात लागू होत नाही, हेही घाला. भरती, प्रशिक्षण, निविदा. समजा एक्स-रेच्या गाडीला नऊ महिने लागणार असतील, तर मॉडेलमध्येही ती दहाव्या महिन्यात येईल.

तपासा : 'काहीच केलं नाही' ही रेघ प्रत्येक आलेखात आहे ना? आणि ती टप्पा १ मध्ये हाताने काढलेल्या रेघेसारखी दिसते का? नसेल तर दोन्हींपैकी एक चूक आहे. कोणती ते शोधूनच पुढे जा.

## टप्पा ९ : बैठक

वीस स्लाइड नेऊ नका. तीन आलेख पुरतात : काहीच केलं नाही तर, प्रत्येक पर्यायाने, आणि निष्कर्ष कुठे उलटतो तो. त्याआधी मात्र टप्पा ३ चा तो चार ओळींचा हिशेब फळ्यावर हाताने करा. पहिल्या वर्षी नोंदी वाढणार, हे *आधी* सांगितलेलं असलं की वाढ झाल्यावर खुलासा द्यावा लागत नाही. शक्य असेल तर ते बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या : 'पहिल्या १२ ते १८ महिन्यांत नोंदणी वाढणे अपेक्षित आहे.' साहेब बदलतात, इतिवृत्त राहतं.

मॉडेल कोणाच्या तरी हातात द्या. "आशांचा मोबदला दुप्पट केला तर?" असं कोणी विचारलं की तिथल्या तिथे आकडा बदलून चालवा. उत्तर विचित्र आलं तर झाकू नका. अशाच वेळी कोपऱ्यातले पर्यवेक्षक म्हणतात, "पण साहेब, आमच्याकडे तसं होत नाही," आणि तुम्हाला राहिलेला बाण सापडतो.

निघताना मागे ठेवायचं ते एवढं : मॉडेलची फाइल, आकड्यांचा तक्ता पाचही रकान्यांसह, 'या मॉडेलमध्ये काय नाही' याची एक पानी यादी (औषधांना दाद न देणारा क्षयरोग, एचआयव्ही, लहान मुलं, जे जे सोडलं असेल ते), आणि पुढच्या वर्षीचे आकडे कोणत्या महिन्यात, कोणी घालायचे ते. त्या शेवटच्या ओळीत पदनाम लिहा, 'संबंधित विभाग' लिहू नका.